मोहोळात शिरणारा तो कोण?

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रिझडेल नावाचं जंगल आहे. २०१५ साली तिथे आलेल्या लोकांना झाडांखाली गोल हेडसेट टांगलेले दिसले. हेडसेट डोक्यावर चढवला, पाठीवर थरथरणारं यंत्र बांधलं, की भोवतीचं तेच जंगल चिलटाला, चतुराला, बेडकाला किंवा घुबडाला जसं भासत असेल तसं दिसू-ऐकू येऊ लागे. ‘मार्शमॅलो लेझर फीस्ट’ या लंडनच्या कलासमूहाची ही कलाकृती. त्यांनी लेझर किरणांनी जंगल मोजलं, त्या त्या जिवाच्या इंद्रियांविषयी शास्त्राला जे ठाऊक आहे त्याचा आधार घेतला आणि संगणकात एक आभासी रान उभं केलं. बघणारा मान वळवी, तसं ते रानही वळे.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. नवनाथांच्या कथांत मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मृत देहात शिरतात. शंकराचार्यांच्या चरित्रकथेत आचार्य अमरू राजाच्या देहात जातात. दोन्हीकडे हा प्रवेश फुकट मिळत नाही. मागे राहिलेला देह कुणाला तरी राखावा लागतो, आणि नव्या देहाबरोबर त्याचं राज्य, नाती, मोह हे सगळं गळ्यात पडतं. परकायाप्रवेश झाला म्हणजे त्या कायेचा भोगही आपला झाला.

हेडसेटमधला प्रवेश असा आहे का? दुसऱ्या जिवाची नजर उसनी मिळाली, म्हणजे त्याच्या जगात शिरलो असं म्हणता येईल? की त्या जगातली जोखीम अंगावर घेतल्याशिवाय प्रवेश घडतच नाही? मधमाशीपुढे उभं राहिलं की हा प्रश्न फार धारदार होतो. तिच्या बाबतीत त्याचं एक उत्तर गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावानं कुठल्याही हेडसेटशिवाय देऊन ठेवलं आहे.

मधमाशीची नजर उसनी घेणं आधीच अवघड. कामकरी माशीच्या एकेका संयुक्त डोळ्यात सुमारे पाच हजार भिंगं असतात. माणसाला न दिसणारा अतिनील प्रकाश तिला दिसतो, शुद्ध लाल रंग दिसत नाही. फाल्गुनात ब्रह्मपुरीपासून सिरोंचापर्यंत रानोरान फुललेला पळस तिच्या लेखी कोणत्या रंगाचा असेल, हे कुठल्याच पडद्यावर उतरवता येणार नाही. कलाकार फार तर अतिनीलाच्या जागी माणसाच्या ओळखीचा एखादा रंग भरील. अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७४ मध्ये वटवाघळाचं उदाहरण घेऊन हीच अडचण मांडली होती. वटवाघळाच्या शरीराची सगळी माहिती हाती आली, तरी वटवाघळाला आपलं वटवाघूळपण कसं जाणवतं ते त्या माहितीतून निघत नाही. आपण त्याच्या जागी असतो तर आपल्याला काय वाटलं असतं, एवढंच आपण कल्पू शकतो.

पण मधमाशीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती जास्त खोल आहे. शिरायचं कुणात?

एकट्या माशीला फारसं काही ठाऊक नसतं. कार्ल फॉन फ्रिश यांनी तिचा नाच उलगडला आणि त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. चारा सापडलेली माशी पोळ्यावर येऊन पोट थरथरवत सरळ रेषेत धावते, वळून मागे येते, पुन्हा धावते. धावेचा कोन सूर्याच्या संदर्भानं दिशा सांगतो, थरथर किती वेळ चालली त्यावरून अंतर कळतं. पण या नाचाला अर्थ येतो तो दुसऱ्या माशा उडून तिथे पोचतात तेव्हाच.

फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांना १९४९ मध्ये म्युनिकला एका लटकलेल्या थव्यावर नाचणाऱ्या माशा धुळीनं माखलेल्या दिसल्या. कुणी काजळीनं काळी, कुणी विटांच्या भुकटीनं लाल, कुणी पिठानं पांढरी. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहरात त्या नवं घर शोधत हिंडून आल्या होत्या. पुढे अमेरिकेत थॉमस सीली यांनी हा शोध अनेक वर्षं चालवला आणि २०१० मध्ये ‘हनीबी डेमोक्रसी’ हे पुस्तक लिहिलं. दहा हजार माशांच्या थव्यात घर शोधणाऱ्या काही शेच असतात. एखादी माशी एखाद्या ढोलीची वार्ता आणते. तिचा नाच पाहणारी माशी तिथेच नाचायला लागत नाही. ती स्वतः उडते, ढोली आतून-बाहेरून तपासते आणि पटलं तरच परत येऊन नाचते. चांगल्या जागेचा नाचही हळूहळू मंदावतो, त्यामुळे केवळ आग्रहाच्या बळावर कुणी जिंकत नाही. एकाच जागी वीस-तीस माशा एका वेळी जमल्या की निर्णय झाला. राणीला यात काहीही विचारलं जात नाही.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मधाचा दाखला देतो. माशा नाना झाडांचे रस आणतात, त्यांचा एकच रस होतो, आणि मग कोणत्याच रसाला मी अमक्या झाडाचा असं भान उरत नाही. सगळे जीव सत् तत्त्वात असेच मिळून जातात, हे त्याला सांगायचं आहे. मधाविषयी ते खरं आहे. मध करणाऱ्या माशांविषयी मात्र लिंडाउअर आणि सीली यांनी पाहिलं ते वेगळं. तिथे एकमत होतं, पण त्यासाठी कुणी आपलं भान टाकून देत नाही. प्रत्येकीनं स्वतः जाऊन पाहिलेलं असतं, म्हणूनच थव्याचा निर्णय सहसा चुकत नाही. म्हणजे मोहोळाचं जग हे नुसतं पाहण्याचं जग नाही. जे ऐकलं ते तपासायचं, जे सांगितलं त्याची जबाबदारी घ्यायची, असं ते जग आहे. हेडसेट घातलेला माणूस नाच पाहील, त्याचा कोनही ओळखील, पण तो उडणार नाही आणि त्याच्या चुकीमुळे कुणी उपाशी राहणार नाही.

हे अंतर जाणवलेले कलाकारही आहेत. वोल्फगांग बट्रेस यांनी २०१५ च्या मिलान एक्स्पोसाठी ‘द हाइव्ह’ ही सतरा मीटर उंचीची ॲल्युमिनियमची जाळी उभारली. २०१६ पासून ती लंडनच्या क्यू उद्यानात आहे. तिच्यातले सुमारे हजार दिवे आणि आवाज एका खऱ्या पोळ्याशी जोडलेले आहेत. पोळ्यातली कंपनं संवेदक टिपतात, पोळ्यात गडबड वाढली की दिवे उजळतात आणि गुंजन चढतं. आत उभा असलेला माणूस कितीही हातवारे करो, त्यानं काही बदलत नाही. तिथे येणाऱ्यांना लाकडी काडी दातांत धरून माशांची कंपनं कवटीच्या हाडातून ऐकण्याची सोयही केली होती. संवादात्मक कला म्हणजे प्रेक्षकाच्या इशाऱ्यावर हलणारी कला, हा समज बट्रेस यांनी उलटा केला. इथे हलवणाऱ्या माशा, आणि माणूस फक्त ऐकणारा.

अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग यांचं ‘पॉलिनेटर पाथमेकर’ आणखी पुढे जातं. इंग्लंडमधल्या ईडन प्रोजेक्टसाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या या कामात एक संगणकीय रीत बागेचा आराखडा काढते. निकष एकच, जास्तीत जास्त प्रकारच्या परागवाहक कीटकांची सोय. माणसाच्या डोळ्याला बाग कशी दिसेल हा हिशेब त्यात नाही. कुणालाही संगणकावर स्वतःची आभासी बाग रचता येते, तिच्यात फिरता येतं, कीटकाच्या नजरेनं ती पाहण्याचा प्रयत्न करता येतो. मग तो आराखडा घेऊन खऱ्या मातीत झाडं लावायची असतात. आभासी जग इथे सांगावा घेऊन येणाऱ्या माशीचं काम करतं, उडायचं काम पाहणाऱ्यावर सोडतं. मोहोळाचं मर्म या कलाकृतीत उतरलं आहे ते एवढ्यासाठी.

आता गडचिरोलीकडे. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक म्हणून. देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल ही या प्रवासातली ठळक नावं. मेंढ्याची ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही, सर्वसहमतीनं घेते. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलून पुन्हा बोलायचं. निर्णयाआधी अभ्यास व्हावा म्हणून गावात अभ्यासगट असतात. अभ्यासगट माहिती जमवतो, वाद घालतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावतो, पण ठरवत काहीच नाही. ठरवायचं ग्रामसभेनं.

असाच एक अभ्यास मधमाशीचा झाला. या जंगलात आग्या, सातेरी, फुलोरी आणि इवल्याशा, डंख न मारणाऱ्या पोया अशा सगळ्या जाती आहेत. मधासाठी हात जातो तो मुख्यतः आग्या मोहोळाकडे. उंच झाडाच्या फांदीला किंवा कड्याला लटकलेलं एकच मोठं उघडं पोळं, आणि त्यावर माशांचा जिवंत पडदा. मोहोळ झाडायची जुनी रीत म्हणजे रात्री पेटत्या चुडीनं आणि धुरानं माशा हुसकायच्या नि सगळं पोळं कापून आणायचं. त्यात माशा जळतात, अंडी-अळ्या चिरडतात, वसाहत संपते. वर्ध्याचे मधमाशी अभ्यासक गोपाळ पालीवाल यांच्या सोबतीनं मेंढ्यातल्या लोकांनी हे समजून घेतलं की या पोळ्यात मध एका बाजूला, फांदीलगतच्या जाड भागात साठलेला असतो आणि पिल्लावळ वेगळ्या भागात. मग संरक्षक पोशाख घालून, माशा न जाळता, तेवढा मधाचा भाग कापायचा आणि बाकीचं पोळं राखायचं, ही अहिंसक रीत गावात आली. माशा राहतात, पोळं भरून काढतात, मध पुन्हा मिळू शकतो.

यातल्या कुणीही अतिनील रंग पाहिला नाही. मधमाशी असणं कसं असतं, हे नेगल यांना जितकं अज्ञात होतं तितकंच त्यांनाही राहिलं. तरी परकायाप्रवेशाच्या जुन्या कथांतला व्यवहार इथे पुरा झाला. माशीच्या घराची रचना कळली आणि त्या कळण्यानं सुरी धरणाऱ्या हाताची चाल बदलली. उंच फांदीवरची जोखीम त्यांचीच, पुढच्या हंगामातला लाभ किंवा तोटाही त्यांचाच. दुसऱ्या जिवाचं जग आपल्याला त्याच्या डोळ्यांतून मिळत नाही. आपल्या कृतीनं त्या जगात जे घडतं, ते आपल्यालाही भोगावं लागतं, तेव्हाच आपण त्याचा भाग होतो. ग्रिझडेलच्या सुंदर रानाला हेच कमी पडलं, आणि गिन्सबर्ग यांच्या बागेनं तिकडे पाऊल टाकलं.

अवधूताच्या चोवीस गुरूंत मधमाशी आहे आणि मध काढून नेणाराही आहे. भागवतानं दोघांना एकाच यादीत बसवलं. मधमाशीवरची आभासी कला आजवर बहुतेक पहिल्या गुरूच्या मागे धावली. चंद्रपूर-गडचिरोलीत अशी कलाकृती कुणी करायला घेतली, तर तिनं दुसऱ्याला धरावं. अशा कलाकृतीचं रूप आग्यामाशी स्वतःच देते. गांधीलमाशी जवळ घोटाळू लागली की पोळ्यावरच्या शेकडो माशा क्षणार्धात एकामागून एक पोट उचलतात आणि पडद्यावरून लाट सरकते. ऑस्ट्रियातल्या ग्राट्झ विद्यापीठाचे गेराल्ड कास्टबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळात या लाटा चित्रित केल्या आणि शत्रूच्या हालचालीशी त्यांचं नातं २००८ मध्ये मांडलं. पाहणाऱ्याला ओळखून हलणारं हे चित्र निसर्गात लाखो वर्षं चालू आहे.

आभासी मोहोळापुढे प्रेक्षकानं मध काढायला आलेला माणूस म्हणून उभं राहावं. घाईनं पुढे गेला तर लाट उठावी, आणखी पुढे गेला तर थवा अंगावर यावा. त्यानं किती कापलं, ते चित्रानं विसरू नये. आग्यामाशा हंगामानुसार स्थलांतर करतात आणि पुष्कळदा त्याच झाडावर परततात. म्हणून एकानं सगळं पोळं ओरबाडलं, तर त्याच्यामागून येणाऱ्या प्रेक्षकाला ती फांदी रिकामी दिसावी. अशी कलाकृती करणाऱ्याला तिची पहिली पारख मुंबईच्या कलादालनात करून घेता येणार नाही. ती मेंढ्याच्या ग्रामसभेपुढे ठेवावी लागेल, आणि तिथला एकही माणूस ‘असं होत नाही’ म्हणाला, तर ते चित्र पुन्हा काढावं लागेल.