स्टीव्हची सही

स्टेफनी शर्ली यांनी 1962 साली इंग्लंडमध्ये सहा पौंडांच्या भांडवलावर संगणकाचे प्रोग्राम लिहून देणारी कंपनी काढली. कचेरी कसली, घरातले जेवणाचे टेबल. मोठमोठ्या कंपन्यांना पत्रे धाडली, उत्तरे येईनात. नवऱ्याने सुचवले, 'स्टेफनी'ऐवजी 'स्टीव्ह' अशी सही करून बघ. पत्र तेच, मजकूर तोच, तळाची सही तेवढी बदलली आणि भेटीची बोलावणी येऊ लागली. स्टीव्ह म्हणजे बाई, हे समोरच्याला कळेपर्यंत त्या आत पोचलेल्या असत.

या बाईंचे जन्मनाव व्हेरा बुख्थाल. 1939 साली, पाच वर्षांच्या असताना, त्या नाझी राजवटीतून सुटलेल्या मुलांबरोबर इंग्लंडला आल्या. देशामुळे नाव बदलले, लग्नामुळे आडनाव बदलले, धंद्यासाठी पुरुषाचे नावही घेऊन झाले. पुढे कॉन्कॉर्ड विमानाच्या 'ब्लॅक बॉक्स'चे प्रोग्राम त्यांच्याच कंपनीतल्या, घरी बसून काम करणाऱ्या बायकांनी लिहिले. म्हणजे खोट कामात नव्हतीच. तरी नाव बदलायचे ते बाईने. पत्र उघडणाऱ्याने काहीच बदलायचे नाही.

ही रीत आपल्याला नवी नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितात. ताट जरा हलले की अक्षरे मोडतात, पण नाव चिकटते. मग पदवीवर एक, पॅनकार्डावर दुसरे, आणि ही दोन्ही मीच, हे सिद्ध करायला कागदपत्रांची फाइल घेऊन तिनेच फिरायचे.

बाईकडे रोखलेले बोट दुसऱ्या दिशेला वळायला स्टीव्हच्या सहीनंतर अर्धशतक गेले. 2015 साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये अर्थतज्ज्ञ जस्टिन वुल्फर्स यांनी अमेरिकेतल्या पंधराशे कंपन्यांच्या प्रमुखांचा हिशेब मांडला. दर एका स्त्रीमागे जॉन, रॉबर्ट, विल्यम, जेम्स या नावांचे मिळून चार पुरुष भरले. नुसत्या जॉन मंडळींचीच संख्या सगळ्या स्त्रियांहून जास्त होती. आकडा गमतीचा वाटतो, पण त्याने प्रश्न फिरवला. 'बायका इतक्या कमी का?' असे विचारले की उत्तर बाईकडे शोधतात: तिचे घर, तिची मुले, तिची जिद्द. 'इतके जॉन कसे?' असे विचारले की निवड करणाऱ्याला तोंड उघडावे लागते.

आपल्याकडे मात्र पहिले नाव मोजून भागत नाही, आडनावही वाचावे लागते. 2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री सक्तीची केली. जागा भरल्या, कित्येक ठिकाणी मालकाच्याच घरातल्या बाईने. घरची बाई कर्तबगार नसते असे नाही; पण ती नात्याने आली की कर्तबगारीने, हे यादी सांगत नाही. म्हणून शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने आणखी एक पाऊल टाकले. 1 एप्रिल 2019 पासून बाजारमूल्याने पहिल्या पाचशे आणि वर्षभराने पहिल्या हजार कंपन्यांना किमान एक स्त्री स्वतंत्र, म्हणजे मालकाशी नाते नसलेली, संचालक म्हणून नेमणे भाग पडले.

तुमच्याकडे एखाद्या कंपनीचे चार शेअर असतील, तर वार्षिक अहवालातले संचालकांचे पान उघडा. आधी बायका मोजा, मग त्यांची आडनावे वाचा. खटकले, तर सर्वसाधारण सभेत उठून विचारा. भागधारकाला तो हक्क आहे आणि त्यासाठी सही बदलावी लागत नाही.