पाककृतीचे दान आणि राखण



देवळात उत्सवाचा महाप्रसाद असो किंवा घरी सत्यनारायणाची पूजा असो, पंगत उठल्यावर एक प्रश्न हमखास कानी येतो : "काकू, ही आमटी कशी केलीत हो?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याच्या उत्तरात सांगणाऱ्याचे मन दिसते. कोणी सर्व कृती प्रमाणासह सांगतात. कोणी "ही आमच्या घरची ठेव आहे, सांगता येणार नाही," असे मोकळेपणाने म्हणतात. तिसऱ्या प्रकारचे लोक मात्र हसतमुखाने कृती सांगतात आणि तिच्यातला एक जिन्नस मुद्दाम गाळतात. पहिले उत्तर हे दान आहे, दुसरे ही राखण आहे आणि तिसरे हे कपट आहे. दान व राखण ही दोन्ही धर्मास मान्य आहेत. कपट मान्य नाही. आजच्या निरूपणात एवढेच सांगावयाचे आहे.

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान आपणां सर्वांस परिचित आहे. द्यूतात राज्य गमावलेला नलराजा बाहुक हे नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाच्या पदरी राहिला. अश्वविद्या व पाकविद्या ह्या दोहोंत तो निष्णात होता. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून ऋतुपर्ण विदर्भाकडे निघाला, तेव्हा वाटेत त्याने एका बेहड्याच्या झाडाची पाने व फळे नुसत्या दृष्टीने मोजून सांगितली. बाहुकाने ती मोजून पाहिली, तो संख्या बरोबर निघाली. त्याने राजाजवळ उघडपणे त्या विद्येची याचना केली व मोबदल्यात अश्वविद्या देऊ केली. ऋतुपर्णाने आपली विद्या तेथेच दिली आणि "तुझी विद्या तूर्त तुझ्यापाशीच ठेव म्हणून राहू दे," अशा अर्थाचे उत्तर दिले. पुढे नलाने ती ठेव इमानाने परत केली.

ह्या प्रसंगात आपल्या विषयाचे सर्व शिष्टाचार आले आहेत. मागणाऱ्याने आडून न विचारता सरळ मागितले. देणाऱ्याने हात न राखता दिले. जे दिले गेले नाही, ते लपविले गेले नाही. ते ठेव म्हणून मान्य झाले. आणि घेणाऱ्याने आपले ऋण विसरले नाही.

कथेचा पुढील भाग तर ह्याहून बोधप्रद आहे. विदर्भात पोहोचल्यावर बाहुकाचे रूप पाहून कोणीही त्यास ओळखले नाही. तेव्हा दमयंतीने आपल्या दासीकरवी त्याने शिजविलेले अन्न आणविले, चाखून पाहिले, आणि हा नलच आहे अशी तिची खात्री पटली. पाकविद्येचा आचार्य म्हणून नलाची ख्याती आहे. 'पाकदर्पण' हा संस्कृत ग्रंथ त्याच्याच नावावर सांगितला जातो. विद्या ग्रंथात गेली, तरी हाताची चव हाताचीच राहिली. म्हणून "कृती सांगितली तर माझे महत्त्व काय उरेल?" हे भय निराधार आहे. आपल्या बेळगावच्या मांड्यांचेच पाहा. पीठ मऊ तिंबावे, पोळी हातावर पातळ वाढवावी, तापलेल्या उपड्या भांड्यावर टाकावी, तूप-साखर घालून घडी करावी. कृती चार वाक्यांत संपली. परंतु ती हातास वश होण्यास वर्षे लागतात. ज्याने ती वर्षे घातली, त्याचे महत्त्व चार वाक्ये सांगितल्याने कमी होत नाही.

पाकविद्या देण्याची आपल्याकडील परंपराही जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला आणि त्याच्या अन्नभोग प्रकरणात राजाच्या पाकशाळेतील पदार्थांची वर्णने दिली. जे राजाच्या ताटात पडत होते, ते त्याने लोकांस कळू दिले. आधुनिक काळात लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांनी १९१० साली 'गृहिणी-मित्र' ह्या पुस्तकातून हजार पाकक्रिया मराठी घरांस दिल्या. १९७० साली कमलाबाई ओगले ह्यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले. घरातल्या वाटी-चमच्याचे माप धरून लिहिलेल्या ह्या पुस्तकाने माहेरापासून दूर राहणाऱ्या कित्येक मुलींस स्वयंपाक शिकविला. ह्या भगिनींनी आपापली मूठ झाकून ठेवली असती, तर आज त्यांचे नाव घरोघरी निघाले असते काय?

तथापि राखणीसही योग्य स्थान आहे. ज्या बाईचा संसार पापड-मसाल्याच्या विक्रीवर चालतो, किंवा ज्या आचाऱ्याची रोजी एका पक्वान्नावर आहे, त्याने आपले प्रमाण सांगितले नाही तर त्यास कृपण म्हणू नये. ते त्याच्या मुलाबाळांचे अन्न आहे. त्याचप्रमाणे दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली कृती त्याच्या संमतीवाचून देण्याचा आपणांस अधिकार नाही. अशा वेळी गोड शब्दांत नकार द्यावा; आणि विचारणाऱ्याने तो एकदाच ऐकून विषय सोडावा. भर पंगतीत चारचौघांसमोर आग्रह धरणे, हे समोरच्यास खोटे बोलावयास लावणे आहे.

खरे पाप तिसऱ्या उत्तरात आहे. समजा, एखाद्या नव्या सुनेने दिवाळीपूर्वी चकलीची कृती विचारली आणि सांगणारीने भाजणीचे प्रमाण अचूक सांगून मोहनाचे प्रमाण मात्र चुकीचे सांगितले. मोहन कमी पडले तर चकली दगडासारखी होते. अधिक झाले तर ती कढईतच विरते. त्या मुलीचे पीठ गेले, तेल गेले आणि सासरी मान खाली गेली. शिवाय दोष आपल्याच हाताचा असे तिला वाटत राहिले. नकार दिला असता तर तिने दुसरीकडे विचारले असते. अर्धी कृती देणाऱ्याने तिचा तो मार्गही बंद केला.

आणखी एक मर्यादा सर्वांनी पाळावी. कृती गुप्त ठेवता येते, पण जिन्नस गुप्त ठेवता येत नाहीत. खाणाऱ्याचे व्रत असेल, कांदा-लसूण वर्ज्य असेल, किंवा शेंगदाण्याने कोणाचा श्वास कोंडत असेल, तर पदार्थात काय आहे हे सांगणे हे वाढणाऱ्याचे कर्तव्यच होय. तेथे 'आमचे गुपित' ही सबब चालत नाही. तिरुपतीच्या लाडवाचेच उदाहरण घ्या. त्यात बेसन, साखर, तूप, काजू, बेदाणे, वेलची आहे हे सर्वांस ठाऊक आहे. २००९ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्या नावाच्या रक्षणासाठी. जिन्नस जगजाहीर असूनही त्या प्रसादाची थोरवी तिळभर उणी झालेली नाही.

घेणाऱ्याचाही धर्म आहे. कृती ज्यांच्याकडून मिळाली त्यांचे नाव सांगावे. आपण फेरफार केला असल्यास तोही सांगावा, म्हणजे बिघाडाचा बोल मूळ देणाऱ्यावर येणार नाही. त्या कृतीवर व्यवसाय करावयाचा असल्यास प्रथम परवानगी घ्यावी. हल्ली भ्रमणध्वनीवरून कोणाच्याही वहीचे पान क्षणात शंभर घरी जाते. त्या पानावरचे नाव मात्र पहिल्याच घरी गळून पडते. असे होऊ देऊ नये.

शेवटी एक गोष्ट नम्रपणे निवेदन करतो. वडिलांसमवेत श्राद्धकर्मास जाताना मी अनेक घरी एकच हळहळ ऐकली आहे. गेलेल्या व्यक्तीच्या आवडीचा पदार्थ त्या दिवशी पानात वाढण्याची आपली रीत आहे. परंतु तो करणारे हातच गेलेले असतात. "आजींनी कधी सांगितले नाही, आणि आम्ही कधी विचारले नाही," असे घरचे म्हणतात. तेथे गुपित कोणी राखलेले नव्हते. ते केवळ आळसाने हरवले. म्हणून घरातील वृद्ध माउलीजवळ ह्याच आठवड्यात वही घेऊन बसावे. ती 'मूठभर' म्हणेल, तेव्हा तिची मूठ वाटीत रिती करून मोजावी. 'अंदाजाने' म्हणेल, तेव्हा तो अंदाज तिच्यासमोर तोलावा. वर तिचे नाव व तिच्या माहेरच्या गावाचे नाव लिहावे.

जे द्यावयाचे ते पूर्ण देण्याची, जे राखावयाचे ते खरे बोलून राखण्याची आणि जे मिळाले त्याचे ऋण स्मरण्याची बुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥