‘बरं’ म्हटल्यानंतर

दादानं ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ची डिस्क कुरिअरनं पाठवली ती २०२०च्या जुलैत. मी ती आठ महिने उघडली नाही. प्लास्टिकचं वेष्टणसुद्धा काढलं नाही, टीव्हीशेजारी मोडेमच्या खाली ती पडून होती. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला तेव्हा त्याचा प्लेस्टेशन माझ्याकडे ठेवून गेला होता. दर रविवारी फोनवर विचारायचा, “सुरू केलास का?” मी म्हणायचे, “कामं आहेत रे दादा.” लॉकडाऊनमध्ये कसली कामं! त्यालाही कळत होतं, पण तो पुढे विचारायचा नाही.

खरं कारण सांगायला लाज वाटायची. पहिल्या भागाचा शेवट मला जसा होता तसाच हवा होता. त्याला कुणी हात लावू नये असं वाटत होतं.

(पुढे दोन्ही भागांचं सगळं सांगणार आहे, शेवटासकट. खेळायचं बाकी असेल तर इथेच थांबा, नंतर या.)

सिक्वेलबद्दल वाद घालताना आपण बहुतेक वेळा पैशांवर घसरतो. कंपन्यांना नवं काही सुचत नाही, चाललेलं नाव पिळून काढायचं, वगैरे. हे खोटं नाही. पण गेमच्या बाबतीत अर्धवट आहे. सिनेमाचा दुसरा भाग पहिल्याहून सरस निघाला की आपण आश्चर्य करतो. गेममध्ये ते नेहमीचं आहे. १९८७चा पहिला ‘स्ट्रीट फायटर’ आज किती जणांनी खेळलाय? सगळ्या जगाला माहीत आहे तो १९९१चा दुसरा. ‘असॅसिन्स क्रीड’चा २००७चा पहिला भाग त्याच त्या कामांनी कंटाळा आणतो, २००९चा दुसरा खेळताना रात्र कळत नाही. दुसऱ्या वेळी यंत्रणा तयार असते, लोकांना कुठे कंटाळा आला ते टीमला कळलेलं असतं. लाडू पहिल्या घाण्यापेक्षा दुसऱ्या घाण्याचे चांगले वळतात, तसंच.

म्हणजे कसबाच्या बाजूनं सिक्वेलवर आक्षेप घ्यायला फारशी जागा नाही. माझी अडचण वेगळी होती. जी गोष्ट संपली आहे, ती पुन्हा उघडण्याचा अधिकार कुणाला असतो का?

सगळ्याच गोष्टींना हा प्रश्न लागू होत नाही. सांगलीत आमच्या गल्लीच्या टोकाला रुपयाच्या नाण्यावर चालणारं ‘मुस्तफा’ होतं. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमचं, १९९३चं. पण ते आम्हाला फार उशिरा कळलं. कॅपकॉमनं त्याचा दुसरा भाग काढला नाही आणि कुणाचं काही अडलं नाही. मुस्तफाच्या मनात काही सलत नव्हतं. गुंड मारले, डायनोसॉर वाचले, नाणी संपली, घरी गेलो.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चं तसं नव्हतं. २००३चा गेम, आम्ही तो दोन-तीन वर्षांनी सायबर कॅफेत खेळलो, तासाला पंधरा रुपये देऊन. की-बोर्ड दादाच्या हातात, मी शेजारच्या स्टुलावर. त्यातल्या राजपुत्राकडे वेळ मागे फिरवणारा खंजीर असतो. त्याच्याच चुकीनं शापित वाळू मोकळी सुटते, माणसांचे राक्षस होतात, आणि शेवटी फराह मरते. मग तो सगळाच काळ मागे नेतो, वाळू सुटण्याआधीच्या रात्रीपर्यंत. फराह जिवंत आहे, पण तिला तो आठवत नाही. निघताना ती नाव विचारते तेव्हा तो स्वतःचं नाव सांगत नाही, ‘ककोलुकियम’ म्हणतो. तिच्या आईनं लहानपणी शिकवलेला तो गुप्त शब्द, तिनंच कधीतरी त्याला विश्वासानं सांगितलेला. तो वेळ आता घडलेलाच नाही. मी तेव्हा बारा वर्षांची होते, स्टुलावर बसून रडले. दादानं कॅफेवाल्या काकांना सांगितलं की हिच्या डोळ्यात कचरा गेलाय.

मग २००४चा ‘वॉरियर विदिन’ हाती आला. त्यात दहाका नावाचं एक काळं अक्राळविक्राळ प्रकरण राजपुत्राच्या मागे लागलेलं असतं. वाळू मोकळी करणाऱ्यानं मरायचं, असा काळाचा हिशेब आहे, आणि हा पठ्ठ्या काळ पुसून सुटलेला. म्हणजे तो गोड शेवट फुकट नव्हता, त्याची उधारी राहिली होती. कल्पना पक्की आहे. गेम मात्र रागीट, रक्तबंबाळ, कर्कश गिटारींनी भरलेला. मूळ राजपुत्र ज्यानं घडवला त्या जॉर्डन मेकनरनंही त्याच्या हिंसेबद्दल आणि एकूण रूपाबद्दल उघड नापसंती व्यक्त केली होती. मला तेव्हा एवढंच कळलं की पहिल्या भागातला राजपुत्र, तो हळवा, बढाईखोर, आता कुठे सापडणार नाही. मी स्टुलावरून उठले. दादानं एकट्यानं संपवला.

आता ‘द लास्ट ऑफ अस’. २०१३चा, नॉटी डॉग या कंपनीचा. एका बुरशीनं जग उद्ध्वस्त झालंय. जोएल नावाच्या माणसाची मुलगी पहिल्याच रात्री मेलेली. वीस वर्षांनी त्याच्याकडे काम येतं: चौदा वर्षांच्या एलीला अमेरिकेच्या एका टोकापासून दूर एका इस्पितळापर्यंत पोचवायचं. तिला चावा बसूनही संसर्ग होत नाही, तिच्यापासून लस बनू शकेल. पोचल्यावर कळतं की त्यासाठी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागणार, ती वाचणार नाही. ती बेशुद्ध आहे. तिला कुणी विचारलेलं नाही. जोएल सगळ्यांना मारत शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरतो. तिथे सर्जन हातात स्काल्पेल घेऊन उभा आहे. बाकीच्या दोघांना सोडून देता येतं, पण सर्जनला मारल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही. मी दोन मिनिटं कंट्रोलर धरून नुसती उभी राहिले होते. मग बटण दाबलं.

नंतर जोएल एलीला सांगतो की तिच्यासारखे बरेच निघाले, उपयोग झाला नाही, त्यांनी लस शोधणं सोडून दिलं. शेवटच्या दृश्यात ती त्याला थांबवते आणि खरं आहे का म्हणून शपथ घालते. तो शपथ घेतो. ती क्षणभर बघते आणि ‘बरं’ अशा अर्थाचा एकच शब्द म्हणते. गेम संपतो.

हा शेवट मला एवढा का हवा होता त्याचं कारण गेममध्ये नाही.

२०१९च्या ऑक्टोबरात आजीला, आईच्या आईला, पोटाचा कर्करोग निघाला. मिरजेला तपासण्या झाल्या. फार पुढे गेलेला. मामा, आई आणि मावशी इस्पितळाच्या जिन्यात उभे राहिले आणि आजीला सांगायचं नाही असं ठरलं. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच ठरतं. “ती खचेल,” मामा म्हणाला. “तुझं ती ऐकते, तूच सांग,” असं आई मला म्हणाली. मी आत गेले. आजी पलंगावर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, “काय म्हणत्यात गं डाक्टर?” मी म्हटलं, “अल्सर आहे आजी. औषधं घेतलीस की बरा होईल.” तिनं माझ्याकडे बघितलं. “खरं ना?” “खरं.” ती म्हणाली, “बरं.”

जानेवारीत ती गेली.

म्हणून ती डिस्क. पहिल्या भागाचा शेवट उघडाच होता: एलीचा विश्वास बसला की नाही, सांगितलेलं नव्हतं. त्या न सांगितलेल्या जागेत मला राहता येत होतं. दुसरा भाग आला की कुणीतरी उत्तर देणार, हे माहीत होतं.

पुढच्या मार्चमध्ये एका रात्री मी वेष्टण फाडलं.

दुसऱ्या भागात सुरुवातीलाच, दोनेक तासांत, जोएलला एलीसमोर गोल्फच्या काठीनं ठेचून मारतात. मारणारी अॅबी. एली सूड घ्यायला सिअॅटलला जाते, तीन दिवस तिथे माणसं मारत हिंडते. मग गेम आपल्याला अॅबी करतो, आणि तेच तीन दिवस तिच्या बाजूनं पुन्हा खेळायला लावतो. अॅबी त्या सर्जनची मुलगी आहे. एलीच्या हातांनी आपण ज्या अॅलिस नावाच्या कुत्रीला भोसकलं ती इथे शेपूट हलवत भेटते.

लोक भयंकर चिडले. अॅबीचा आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. एका नकली पात्रानं दुसऱ्या नकली पात्राला मारलं म्हणून! मी त्यांची बाजू घेणार नाही, पण इतका राग कशाचा होता ते मला समजतं. ज्या शेवटात आपण राहायला गेलो होतो, तिथून सामान बाहेर फेकल्यासारखं वाटतं.

मला स्वतःला राग आला तो वेगळ्याच जागी. पहिल्या भागातला सर्जन नुसता एक मास्क घातलेला माणूस होता. दुसऱ्या भागात मागचा काळ दाखवताना तो तारेत अडकलेल्या झेब्र्याला सोडवतो, मुलीवर जीव टाकतो. हा अन्याय आहे. मी बटण दाबलं तेव्हा मला जे माहीत नव्हतं, ते सात वर्षांनी पारड्यात टाकायचं आणि म्हणायचं, बघ, काय केलंस. आणि मला दुसरा पर्याय तरी कुठे दिला होता? पर्याय नसताना दोष कसला, असं मी दादाला तावातावानं फोनवर सांगितलं.

तो ऐकून घेत म्हणाला, “पण दाबलंस ना?”

या वाक्याचं मी बरेच दिवस काय करावं ते कळेना. मिरजेतही मला पर्याय नव्हता. ठरवलं मोठ्यांनी, जिन्यात. पण ‘खरं’ हा शब्द माझ्या तोंडातून आला, माझ्या आवाजात, आणि आजीनं मामाकडे नाही, माझ्याकडे बघितलं होतं. सिनेमातल्या नायकानं काही केलं की ते त्यानं केलेलं असतं. गेममध्ये आपला अंगठा मध्ये येतो. पर्याय नव्हता एवढ्यानं तो अंगठा दुसऱ्याचा होत नाही. म्हणून मला वाटतं, गेमच्या सिक्वेलला एक अधिकार आहे जो सिनेमाच्या सिक्वेलला तेवढा नाही: परत येऊन खेळणाऱ्यालाच विचारण्याचा. मात्र पहिल्या भागात तसं काही घडलेलं असेल तरच. मुस्तफाला विचारण्यासारखं काही नाही. राजपुत्राला होतं, पण ‘वॉरियर विदिन’नं प्रश्न विचारायचा सोडून आरडाओरडा केला.

पार्ट टूही पूर्ण जमलेला नाही. सिअॅटलनंतरचा सांता बार्बराचा तुकडा मला जास्तीचा वाटला. एक गोष्ट तिसऱ्यांदा समजावून सांगितल्यासारखा. पण त्याच्या शेवटी, सूड अर्धवट टाकून, दोन बोटं गमावून एली रिकाम्या घरात गिटार वाजवायला बसते आणि बोटांअभावी सूर लागत नाही. तेव्हा एक जुनी संध्याकाळ दिसते. एलीनं सत्य दोन वर्षांपूर्वीच शोधून काढलेलं असतं, जोएलशी बोलणं टाकलेलं असतं. त्या संध्याकाळी ती त्याच्या ओसरीवर येते आणि म्हणते की ती त्याला माफ करू शकेल असं वाटत नाही, पण प्रयत्न करायला आवडेल. दुसऱ्या दिवशी तो मरतो.

म्हणजे ‘बरं’ म्हणताना तिचा विश्वास बसला नव्हताच. माझी राहायची जागा गेली. पण ही ओसरी पहिल्या भागात नव्हती, आणि ती मिळाली नसती तर मला चाललं असतं असं आता म्हणवत नाही.

आजी गेल्यावर तेराव्याला मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली होती, “तुला एक सांगायचंय, आजीचं.” मी म्हटलं, “नको मावशी, नंतर.” नंतर तिनं विषय काढला नाही, मीही नाही. गेम संपवला त्याच आठवड्यात मी तिला फोन केला. तिनं आधी जेवलीस का विचारलं. मग सांगितलं.

आजीनं दिवाळीच्या आधीच रिपोर्टचा कागद पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात नेला होता आणि तिथल्या मुलाकडून वाचून घेतला होता. मावशीला तिनं बजावलं, “पोरीला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. तिनं एवढं जिवावर येऊन सांगितलंय.”

मी विचारलं, “चिडली होती का?”

मावशी म्हणाली, “दोन दिवस तुझं नाव घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तिला बोलाव, कडबोळी करायची आहेत.”

कडबोळी केल्याचं मला आठवतं. तिला बसवत नव्हतं, ती पलंगावरून सांगत होती आणि मी वळत होते. माझी तुटत होती. ती म्हणत होती, पाणी लाव गं, घाई करू नकोस.