दुःख आणि दोष

करुणरसापासून आनंद कां व्हावा, हा प्रश्न आपल्या साहित्यशास्त्रांत फार जुना आहे. आणि 1921 सालीं बडोद्याच्या साहित्य संमेलनांत अध्यक्ष न. चिं. केळकर यांनीं सविकल्प समाधीची उपपत्ति मांडिल्यापासून मराठींतहि त्याचा इतका ऊहापोह झाला आहे कीं, तो पुन्हां उकरून काढण्याचें प्रयोजन नाहीं. मला विचारावयाचा आहे तो प्रश्न त्याच्या शेजारचा, पण निराळा. जें दुःख गाण्यांत ऐकून आपण तृप्त होतों, तें आकाशांतून पडलेलें नसून माणसानेंच माणसाला दिलेलें असेल, तर तें गोड करून ऐकण्यांत कांहीं दोष आहे कीं नाहीं?

उदाहरणादाखल मराठी मध्यमवर्गाचें एक अत्यंत आवडतें विरहगीत घेऊं. 'भातुकलीच्या खेळामधली' हें गीत ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा. शब्द मंगेश पाडगांवकरांचे, चाल यशवंत देवांची, आवाज अरुण दात्यांचा. पाडगांवकर 2015 च्या डिसेंबरांत गेले. दाते व देव दोघेहि 2018 सालीं, पांचसहा महिन्यांच्या अंतरानें. गाणें मात्र अजून स्नेहसंमेलनांतून आणि कोजागिरीच्या बैठकींतून म्हटलें जातें. त्यांत ज्याचा प्रेमभंग झाला तो मनुष्य कोण, असें कोणी विचारीत नाहीं. कवीनें प्रसंग कल्पिला, संगीतकारानें स्वर योजिले, आणि इंदूरच्या एका रसिक घरांत वाढलेल्या, पेशानें वस्त्रोद्योगांतील अभियंता असलेल्या गायकानें तो आपल्या मृदु आवाजांत सांगितला. यांत लबाडी आहे असें कांहीं तर्ककर्कश लोक म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. मूर्तिकाराला देव दिसला होता कीं नाहीं, याची चौकशी करून कोणी नमस्कार करीत नसतो. उलट हें दुःख कोणा एकाचें नाहीं, म्हणूनच तें सर्वांचें होऊं शकतें. देवांनीं आयुष्यभर पुरस्कारिलेलें 'शब्दप्रधान गायकी'चें तत्त्व येथें फार उपयोगी पडलें आहे. ताना-मुरक्यांची आरास करून गायक स्वतः पुढें येत नाहीं. शब्द पुढें येतात, आणि ऐकणारा त्यांत आपलें स्वतःचें कांहीं तरी ठेवूं शकतो.

परंतु तो काय ठेवतो? गीताची कथा अगदीं थोडी आहे. खेळांतला राजा राणीच्या हातांत आपलें नशीब वाचतो. ती रडूं लागते. उद्यां आपण परगांवीं जाणार हें ती सुचविते. त्याचा अर्थ राजाला उशिरां उमगतो. दैवानें असें कां करावें, असें तो तिला विचारतो, आणि ती निरुत्तर होऊन निघून जाते. तिला परगांवीं कोण धाडतो, राजाचें स्थळ कोणाला व कां नापसंत झालें, हें गीतांत कोठेंहि नाहीं. ज्या समाजांत हें गीत झालें, त्याला तें सांगण्याची गरजहि नव्हती. परगांवीं जाणें म्हणजे लग्न, आणि लग्न म्हणजे वडीलधाऱ्यांनीं ठरविलेलें, हें ज्याला त्याला ठाऊक. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट न बोलण्यांत काव्य आहे. पण सर्वांना ठाऊक असलेला दोष न बोलण्यांत केवळ काव्यच आहे, असें म्हणवत नाहीं.

मी ज्या नंदुरबार जिल्ह्यांत शिकवितों, तेथील महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतहि हें गीत अधूनमधून होतेंच. म्हणणारा बहुधा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी असतो. मागें त्याचे सोबती, आणि पुढच्या खुर्च्यांवर निमंत्रित पालक व आम्ही अध्यापक. टाळ्या पुढच्या खुर्च्यांतून अधिक येतात. हें स्वाभाविक आहे. पन्नाशीच्या माणसाच्या मनांत एखादें तरी न झालेलें लग्न असतेंच. पण तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशीं मुलीसाठीं आलेलें स्थळ पाहूं लागला कीं प्रथम आडनांव पाहतो, मग पोटजात पाहतो, आणि मुलगी कांहीं बोलूं लागली तर 'तुला अजून जग कळत नाहीं' एवढें एकच वाक्य बोलून विषय संपवितो. आपण कोणाच्या तरी कथेंतले खलपुरुष आहों, अशी शंका त्याला क्षणभरहि शिवत नाहीं. तरुणपणीं आपण राजा होतों, एवढेंच त्या गाण्यानें त्याला सांगितलेलें असतें. आज आपण कोण झालों आहों, हें सांगितलेलें नसतें. त्याचे अश्रु खोटे नाहींत. माझी तक्रार अशी आहे कीं, ते खरे असूनहि त्याला कोठेंच नेत नाहींत.

यावर साहित्यशास्त्रज्ञ म्हणतील कीं, काव्य म्हणजे न्यायकचेरी नव्हे. साधारणीकरण व्हावयाचें तर व्यक्तींची नांवनिशी व खटल्याचा तपशील गळून पडलाच पाहिजे. दोषी मनुष्य समोर उभा केला कीं करुणाच्या जागीं क्रोध येतो व रसभंग होतो. आक्षेप वजनदार आहे, आणि भवभूति नसता तर मीं तो मान्यहि केला असता. 'उत्तररामचरिता'च्या तोडीचें करुण नाटक संस्कृतांत मला दुसरें दिसत नाहीं. पण सीतेच्या वियोगाचा सारा भार दैवावर टाकून भवभूति मोकळा होत नाहीं. लोकापवादासाठीं रामानें तिला टाकिलें, हें तेथें उघड आहे. तिसऱ्या अंकांत वनदेवता वासंती रामाला तोंडावर दोष देते, आणि सीता अदृश्य रूपानें तेथेंच उभी राहून तें ऐकते. दोष सांगितल्यानें करुण उणा झाला नाहीं. राम रडतो तो अपराधी म्हणून रडतो, म्हणूनच तें रडणें पाहवत नाहीं.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्यांत, अक्राणी-अक्कलकुव्याकडे, भिल्ल व पावरा समाजांत मुलगा-मुलगी आपण होऊन निघून गेलीं तर प्रकरण पंचांपुढें येतें, देज ठरतें, आणि पुष्कळदा संसार सुरू होतो. तेथें सारें सुखच आहे असें मला म्हणावयाचें नाहीं. देजाचा आंकडा हीहि बेडी होऊं शकते, आणि पंचांत बाईचें मत कितीसें ऐकिलें जातें हा प्रश्न राहतोच. पण हरकत कोणाची, आणि ती किती रुपयांची, हें निदान चारचौघांत बोललें जातें. खालच्या सपाटीवर, आम्हां शिकल्यासवरल्यांच्या घरांत, तसें होत नाहीं. 1954 च्या विशेष विवाह कायद्यांत तीस दिवसांच्या नोटिशीची व हरकतीची सोय आहे. तींत वय, हयात असलेला पहिला जोडीदार, निषिद्ध नातें, अशीं कारणें चालतात. जात चालत नाहीं. म्हणून ती 'पत्रिका जुळत नाहीं' या शब्दांत गुंडाळली जाते. दैव हा आमचा पंच, आणि तो कधींच कारण देत नाहीं.

अलीकडे यूट्यूबवर अहिराणी गाण्यांचें अमाप पीक आलें आहे. त्यांतील विरहगीतांत दैवाची जागा पुष्कळदा मुलीनें घेतलेली दिसते. ती पैशाला भुलली, तिनें दगा दिला, असा सूर असतो. कोणाकडे तरी दोष दिला म्हणून मला समाधान वाटावयास हवें होतें. तें वाटत नाहीं. जिला कोणीं विचारलेंच नाहीं तिला बेइमान ठरविणें, हा दैवाला बोल लावण्यापेक्षां अधिक वाईट न्याय आहे. पाडगांवकरांची राणी निदान बदनाम तरी झाली नाहीं. ती फक्त गप्प आहे.

आणि तिच्या त्या गप्प राहण्यापाशीं मी अडतों. राजाच्या प्रश्नाला उत्तर नाहीं असें गीत म्हणतें. पण नीट पाहिलें तर परगांवीं जाण्याची गोष्ट तीच प्रथम बोलते. म्हणजे कोठल्या तरी माजघरांत निर्णय झाला आणि तो तिला कळला होता. राजा विचारतो तिलाच, पण विचारतो दैवाविषयीं. 'कोणीं ठरविलें?' असा साधा प्रश्न त्यानें केला असता, तर तिनें कदाचित् सांगितलें असतें. मग हें विरहगीत असेंच राहिलें नसतें, हेंहि खरें. जात्यावर बसणाऱ्या बायकांनीं तें उत्तर फार पूर्वींच देऊन ठेविलें आहे. त्यांच्या ओव्यांत दूरदेशीं दिल्याबद्दल बापाला बोल आहे, सासरच्या जाचाची कैफियत आहे, आणि ज्याचें त्याचें नातें घेऊन ती मांडलेली आहे. त्या ओव्या पहांटेच्या अंधारांत म्हटल्या जात. तो बाप त्या वेळीं आपल्या गांवीं झोंपलेला असे.