मागे राहिलेलं शरीर

१९७५च्या सुमाराची एक छोटीशी कलाकृती आहे. मातीची एक बाहुली खुर्चीत बसवलेली, आणि समोरून सुपर-एट प्रोजेक्टरचा झोत नेमका तिच्या आकारात बसेल असा तिच्यावर सोडलेला. बाहुलीला चेहरा येतो, हात हलतात, ती बोलू लागते. सांगते ती गोष्टही साधीच. एक बाई मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते. तिच्या खुर्चीवरून खोलीतल्या आरशावर ओठांचे ठसे दिसतात, तज्ज्ञाच्या खुर्चीवरून दिसत नाहीत. जागा बदलल्यावर तज्ज्ञालाही दिसतात. तज्ज्ञाची मुलगी त्या खोलीत येते आणि आरशाचे मुके घेते. बाईच्या लक्षात येतं की आपण इतक्या निराळ्या जागांवरून पाहतोय की बोलून उपयोग नाही, आणि ती तिथे जाणं सोडून देते.

बाहुलीवर पडणारी प्रतिमा लॉरी अँडरसनची होती. कलाकृतीही तिचीच. पुढच्या पन्नास वर्षांत ती गायिका, व्हायोलिनवादक, चित्रपट दिग्दर्शक आणि आभासी वास्तवातल्या कलाकृतींची निर्माती म्हणून ओळखली गेली. तिच्याविषयीच्या लेखांत एक ठरलेली मांडणी असते: नवं यंत्र आलं की ही बाई पहिल्यांदा हात लावणार. यंत्रांची यादी केली तर ते खरंही वाटतं. पण यंत्रं बाजूला ठेवून नुसत्या कलाकृती ओळीने पाहिल्या तर दुसरीच एक गोष्ट दिसते. गोष्ट सांगणारा एका जागी आहे आणि गोष्ट दुसऱ्या जागी पोचली आहे. मग सांगणाऱ्याचं शरीर कुठे राहिलं? आणि ऐकणाऱ्याचं? बाहुलीत हा प्रश्न आख्खा आहे, खुर्च्यांसकट.

अँडरसन मूळची शिल्पकार. जन्म १९४७चा, इलिनॉय राज्यातला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९७२ साली शिल्पकलेची पदवी. शिल्पकाराला वजन आणि जागा विसरता येत नाहीत, आणि तिचे सुरुवातीचे प्रयोग त्या शिस्तीतलेच आहेत. बर्फाच्या लाद्यांमध्ये गोठवलेले स्केट्स पायात घालून ती रस्त्यावर उभी राहायची आणि व्हायोलिन वाजवायची. व्हायोलिनच्या आत स्पीकर, त्यातून आधी मुद्रित केलेलं संगीत. म्हणजे जुगलबंदी स्वतःशीच. बर्फ वितळून तोल जायला लागला की कार्यक्रम संपला. १९७७मध्ये तिने गजाच्या केसांऐवजी ध्वनिफितीचा तुकडा लावला आणि व्हायोलिनवर टेपरेकॉर्डरचं हेड बसवलं. गज पुढे ओढला की माणसाचा आवाज सरळ, मागे ओढला की उलटा. हाताच्या वेगावर शब्द लांबणार, तुटणार. मुद्रित आवाज म्हणजे शरीरापासून सुटलेला आवाज. तिने त्याला पुन्हा मनगटाशी आणून बांधलं.

त्या काळातली मला सर्वांत जवळची वाटते ती १९७८ची, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मांडलेली एक टेबलासारखी वस्तू. टेबलाला कोपर टेकवण्यापुरते खळगे. तिथे कोपर टेकवायचे, तळहातांनी कान झाकायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस चिंतेत आहे किंवा त्याला काही ऐकायचंच नाहीये. पण टेबलाच्या आतल्या यंत्रणेतून निघालेली कंपनं कोपरातून, हाताच्या हाडांतून चढत कवटीत पोचतात आणि संगीत ऐकू येतं. खोलीत शांतता, संगीत फक्त त्या माणसाच्या हाडांत. ही कल्पना सुचली त्याचा किस्साही तसाच आहे: विजेवरच्या टाइपरायटरवर काम अडलं म्हणून वैतागून डोकं हातांत धरलं, आणि यंत्राची घरघर हातांतून कानात आली. पुढे हेडसेट घालून डोळे-कान बाहेरच्या जगाला बंद करण्याचं जे तंत्र आलं, त्याच्या कितीतरी आधी बंद कानांचा हा प्रयोग झाला होता. फरक एवढाच की इथे शरीर हाच मार्ग होता.

मधली वर्षं प्रसिद्धीची. १९८१मध्ये ‘ओ सुपरमॅन’ हे आठ मिनिटांचं विचित्र गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. आवाज खाली ओढून तो भारदस्त पुरुषी करणारं यंत्र तिने रंगमंचावर आणलं. अधिकारवाणीची टवाळी करायला तो उसना घसा तिला फार उपयोगी पडला. १९८६च्या ‘होम ऑफ द ब्रेव्ह’ या तिनेच दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात ती अंगरख्यात शिवलेल्या इलेक्ट्रॉनिक तालयंत्रावर, म्हणजे स्वतःच्या अंगावरच, ताल धरते. त्या चित्रपटावर आज फारसं कोणी बोलत नाही. १९९५मध्ये तैवानचा कलाकार ह्सिन-चिएन ह्वांग याच्याबरोबर तिने ‘पपेट मोटेल’ ही सीडी-रॉम केली. माऊसने एकेका अंधाऱ्या खोलीत शिरायचं. सीडी-रॉमचं युग आलं तसं गेलं, पण ह्वांगची ओळख राहिली.

१९९८मध्ये मात्र बाहुली परत आली, आणि यावेळी गोष्ट खेळाची नव्हती. मिलान शहरातल्या सान व्हित्तोरे तुरुंगात शिक्षा भोगणारा एक कैदी कॅमेऱ्यासमोर बसला. त्याची प्रतिमा त्याच वेळी शहरातल्या प्राडा फाउंडेशनच्या दालनात त्याच्या आकाराच्या प्लास्टरच्या पुतळ्यावर पडत होती. तुरुंगात कैदी, दालनात त्याचा जिवंत उजेड. वीस वर्षांपूर्वीची युक्ती इथे अचानक जड झाली. बाहुलीतली बाई हवं तेव्हा उठून घरी जाऊ शकत होती.

मग येतं २०१५. माझ्या मते अँडरसनच्या सगळ्या विचाराचा सांधा या एका वर्षात आहे, कारण तेव्हा तिने दोन कामं केली आणि ती एकमेकांना उत्तर देतात.

पहिलं ‘हार्ट ऑफ अ डॉग’ हा चित्रपट. लोलाबेल या तिच्या कुत्रीचा मृत्यू, आईचा मृत्यू, आणि ज्याचं नाव चित्रपटात जवळजवळ येतच नाही त्या लू रीडचा, तिच्या नवऱ्याचा, २०१३मधला मृत्यू. चित्रपट घरगुती कॅमेऱ्यांवर, फोनवर, जुन्या आठ मिलिमीटरच्या फितींवर आणि तिच्याच रेखाटनांवर उभा आहे. तिबेटी परंपरेतले मृत्यूनंतरचे एकोणपन्नास दिवस, शरीर सोडलेल्या जाणिवेची भटकंती, हे त्यात मोठ्या आस्थेने येतं. पण मला महत्त्वाचा वाटतो तो एक लहानसा तुकडा. लहानपणी तिने तलावात उडी मारली ती चुकून काँक्रीटवर पडली आणि पाठीचा कणा मोडला. बरेच दिवस इस्पितळात, भाजलेल्या मुलांच्या कक्षात. ही गोष्ट ती मोठेपणी अनेकदा सांगायची: तिथे येऊन बाळबोध पुस्तकं वाचून दाखवणारे लोक कसे होते, वगैरे. सांगता सांगता एकदा तिच्या ध्यानात आलं की आपण एक भाग गाळतोय. रात्री त्या कक्षात मुलं रडायची, आणि काही मुलं मरायची. ते आवाज गोष्टीत कधी आलेच नव्हते.

म्हणजे शरीर पुसायला यंत्र लागतच नाही. चांगली गोष्ट, घासूनपुसून तयार केलेली गोष्ट, ते काम आपोआप करते. आयुष्यभर गोष्टी सांगून नाव कमावलेल्या कलाकाराने हे पडद्यावर मांडणं धाडसाचं आहे, आणि मला तरी ते तिच्या कुठल्याही तांत्रिक करामतीपेक्षा मोठं वाटतं.

दुसरं काम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यू आर्मरीच्या अवाढव्य दालनात. नाव ‘हेबियस कॉर्पस’. कायद्यात याचा अर्थ कैद्याला सदेह न्यायालयापुढे हजर करा. मोहम्मद अल-गरानी हा चाडचा नागरिक असलेला मुलगा २००१मध्ये कराचीत पकडला गेला तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याला ग्वांटानामोच्या तुरुंगात नेलं, आणि त्याला धरून ठेवायला पुरेसा पुरावा नाही असं अमेरिकी न्यायाधीशाने ठरवल्यावर २००९मध्ये तो सुटला. पण ग्वांटानामोत राहिलेल्या माणसाला अमेरिकेत पाऊल ठेवता येत नाही. म्हणून तो पश्चिम आफ्रिकेतल्या एका खोलीत खुर्चीवर बसला आणि त्याची प्रतिमा न्यूयॉर्कमधल्या प्रचंड बैठ्या पुतळ्यावर पडत राहिली. पुतळ्याची बैठक वॉशिंग्टनमधल्या लिंकनच्या स्मारकाची आठवण करून देणारी. तो थकला की विश्रांती घ्यायचा आणि तेवढा वेळ आधी टिपलेलं चित्रण लागायचं. हे मला फार प्रामाणिक वाटतं: इतक्या मोठ्या पुतळ्याची पाठ दुखते, कारण तिकडे एका माणसाची पाठ दुखते.

इथपर्यंत धागा सरळ आहे. पुढे तो गुंततो.

२०१७मध्ये ह्वांगबरोबर तिने ‘चॉकरूम’ केलं, आभासी वास्तवातलं पहिलं मोठं काम. मॅसॅच्युसेट्समधल्या मास मोका या संग्रहालयात ते मांडलं गेलं. त्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पहिल्यांदाच आभासी वास्तवाची स्पर्धा झाली आणि त्यात ते पुरस्कारपात्र ठरलं. (स्पर्धेची जागा होती लाझारेत्तो व्हेक्यो, म्हणजे प्लेगच्या रोग्यांना शहरापासून दूर ठेवायचं जुनं बेट. शरीरं वेगळी काढण्याच्या जागेवर शरीर सोडण्याचा खेळ!) हेडसेट चढवला की काळ्या भिंतींच्या खोल्यांत आपण उडू लागतो. भिंतींवर खडूने लिहिलेली वाक्यं आणि चित्रं, धुळीसारखी तरंगणारी अक्षरं, अक्षरांचीच पानं असलेलं झाड. एका खोलीत आपण बोललो की आपल्या आवाजाला आकार येतो. खाली पाहिलं तर मात्र आपलं शरीर नाही.

त्या सुमारास आभासी वास्तवाच्या जगात एक दावा जोरात होता. २०१५मध्ये ख्रिस मिल्क या दिग्दर्शकाने या माध्यमाला सहानुभूतीचं यंत्र म्हटलं. जॉर्डनमधल्या झातारी छावणीतल्या निर्वासित मुलीवरची त्याची फिल्म त्यासाठी दाखवली जायची. हेडसेट घाला, त्या मुलीशेजारी बसा, तिचं दुःख तुमचं होईल. अँडरसनने या वाटेला न जाता खडू घेतला. खऱ्यासारखं दिसणारं काहीच नको, सगळं हाताने घासलेलं, पुसट, डागाळलेलं. मला यात तिची शिल्पकाराची शहाणीव दिसते. दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्याचा आव न आणता तिने ज्याची त्याची खुर्चीच काढून घेतली.

पण खुर्ची काढून घेणं हे उत्तर पुरतं का? आपल्याकडे परकायाप्रवेशाच्या कथा आहेत, मच्छिंद्रनाथांची, शंकराचार्यांची. त्या कथांत चमत्कार दुसऱ्या देहात शिरण्याचा असला तरी जिवाला घोर लागतो तो मागे ठेवलेल्या देहाचा. कोणीतरी तो राखायला हवा, नाहीतर परतीची वाट बंद. मॉलमध्ये हेडसेट घालून हवेत हात फिरवणाऱ्या माणसाच्या मागे एक पोरगा उभा असतो, तो खांब किंवा माणूस आडवा आला की त्याला खांद्याला धरून वळवतो. राखणदार तो. कलाकृतीच्या वर्णनात त्याचा उल्लेख कधी नसतो.

‘चॉकरूम’मध्ये आपण मजेने उडतो, कारण आपला देह कोणीतरी सांभाळतंय आणि वीसेक मिनिटांनी तो आपल्याला परत मिळणार आहे. अल-गरानीला देह सोडायची हौस नव्हती. त्याच्या देहालाच दाराबाहेर उभं केलं होतं. दोन्ही ठिकाणी तंत्र एकच आहे, माणूस नसलेल्या जागी माणूस. त्यामुळे देहाविना उडण्याची मुक्ती ज्याला हवी तिथे जाता येतं अशाच माणसाची मुक्ती आहे, असं माझं मत झालं आहे. अँडरसनला हे कळत नसेल असं मी म्हणणार नाही; २०१५ची दोन्ही कामं तिचीच आहेत. पण ‘चॉकरूम’ त्या कामांशी बोलत नाही. सुंदर आहे, हलकं आहे, आणि थोडं विसराळू आहे.

२०१८च्या ‘टू द मून’मध्ये, डेन्मार्कच्या लुइझियाना संग्रहालयासाठी पुन्हा ह्वांगबरोबरच केलेल्या कामात, तिने हे थोडं दुरुस्त केलं असं वाटतं. २००३मध्ये नासाने तिला निवासी कलाकार म्हणून बोलावलं होतं. पहिली, आणि तिच्यानंतर कोणी नाही. त्यामुळे चंद्र तिला परका नव्हता. या चंद्रावर नाहीशा होत चाललेल्या गोष्टींची नक्षत्रं आहेत, माणसाने टाकलेल्या यंत्रांचा उकिरडा आहे, आणि आपले हात लांबत लांबत जातात. हात निदान परत आले. शेवटी आपण दूर फेकले जातो, तेव्हा पोटात गोळा उठतो, म्हणजे शरीर जागं होतं.

अलीकडे तिने आणखी एक पाऊल टाकलं. ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठाच्या मशीन लर्निंग संस्थेबरोबर काम करताना तिने स्वतःचं आणि लू रीडचं लिखाण शिकवलेली भाषायंत्रं तयार करून घेतली. एखादा शब्द द्यावा, आणि यंत्राने रीडच्या ढंगात ओळी लिहाव्यात. ती त्याला परलोकाशी संवाद म्हणत नाही, आणि येणाऱ्या ओळींतला बराचसा भाग टाकाऊ असतो हेही ती मोकळेपणाने सांगते. बाहुलीपासून निघालेली वाट इथे अशा जागी येते की मागे राहिलेला देहच नाही; उजेड कुठूनही पडत नाही, तरी पुतळा बोलतो.

मिलानच्या कैद्याला आणि अल-गरानीला निदान विचारता आलं होतं: तुमची प्रतिमा घेऊ का? त्यांनी हो म्हटलं, आणि अल-गरानीने दमल्यावर थांबायचा हक्कही राखला. रीडला विचारणं शक्य नाही, त्याच्या वतीने हो म्हणणारी त्याची बायको आहे. ती कलाकारही आहे आणि शोकात असलेलं माणूसही, या दोन खुर्च्यांवरून आरशावर काय काय दिसतं, हे तिलाच ठाऊक. मी मात्र या बाबतीत तिच्या खडूच्या खोल्यांपेक्षा तिच्या दमणाऱ्या पुतळ्याच्या बाजूला उभा आहे.