बायकोचा अर्धा, लेकीचा वाटा

सिंधुदुर्ग आणि गोवा यांच्या सीमेवरून तेरेखोल नदी वाहते, पण माणसं काही तिने फारशी तोडलेली नाहीत. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे आपल्या बाजूला, तरी तो गोव्याचा. यावरूनच ही सीमा किती मनस्वी आहे ते कळावं. अलीकडे आरोंदा, पलीकडे पेडणे. दोन्हीकडे रवळनाथ आणि माउली, दोन्हीकडे जत्रेत दशावतार, आणि सोयरिकी तर पिढ्यान् पिढ्यांच्या. बायकांची कामं, बायकांचे उपवास, घरातला बायकांचा आवाज, यांतही उन्नीस-बीसच. फरक आहे तो कायद्यात. आरोंद्याची मुलगी पेडण्याच्या घरात पडली आणि लग्नाआधी वेगळा करार झालेला नसला, तर नवऱ्याच्या मालमत्तेची ती निम्मी मालकीण होते. पेडण्याची मुलगी सावंतवाडीत नांदायला आली, तर नवरा हयात असेतो त्याच्या बागायतीवर तिची मालकी काहीच नाही. तिला राहायचा हक्क आहे, पोटगीचा आहे. मालकीचा नाही.

पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली. 1961 मध्ये पोर्तुगीज गेले, संहिता मात्र 1962 च्या कायद्याने तशीच ठेवली गेली. पुढे तिचा वारसाहक्काचा भाग 2012 च्या गोव्याच्या कायद्याने नव्याने मांडला. बायकांविषयीच्या कळवळ्यातून ही संहिता आलेली नाही. संसार हे एकच आर्थिक खातं आहे, ही त्यामागची धारणा, आणि मूळ संहितेत त्या खात्याचा कारभार नवऱ्याच्याच हातात होता. मात्र जमीन विकायला बायकोची सही हवी. गोव्यातलं एखादं जुनं खरेदीखत वाचण्यासारखं असतं: पाच भावंडांच्या माडांच्या छोट्या तुकड्यासाठी दहा सह्या, कारण प्रत्येक भावाची बायको आणि प्रत्येक बहिणीचा नवराही आपापल्या जोडीदाराच्या वाट्यात निम्म्याचा धनी. जावई परदेशात असेल तर व्यवहार त्याच्या मुखत्यारपत्रासाठी खोळंबतो. आपल्याकडच्या दलालांना हा कटकटीचा कायदा वाटतो. मला त्या कटकटीतच त्याचं मोल दिसतं.

आयकर कायद्यानेही ही निम्मी भागीदारी मानली आहे. त्यानुसार गोव्यातल्या अशा जोडप्याचं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न दोघांत सारखं वाटून धरलं जातं. दुकानाचं भाडं नवऱ्याने घेतलं, बँकेत त्यानेच भरलं, तरी विवरणपत्रात त्यातलं निम्मं तिच्या नावावर येतं. ती रक्कम तिच्या हाताला लागते का, हे विचारायला आयकर खातं घरी येत नाही.

महाराष्ट्राने दुसरा रस्ता धरला. इथे बायको नव्हे, लेक पुढे आली. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मतःच सहहिस्सेदार मानणारी दुरुस्ती राज्याने हिंदू वारसा कायद्यात 1994 मध्ये केली. आधी लग्न झालेल्या मुली तेवढ्या बाहेर राहिल्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तीही अट गेली, आणि वडील 2005 पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क अबाधित राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. बायकोच्या बाबतीत मात्र आपण समजावणीवर थांबलो. 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी नेते शरद जोशींनी शेतकऱ्यांना सांगितलं की जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर करा. तीच पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम झाली. काही नवऱ्यांनी खरोखर तुकडा बायकोच्या नावावर केला. नदीपलीकडे जे न मागता मिळत होतं, ते इथे नवऱ्याच्या मनाच्या मोठेपणावर सोडावं लागलं. गोव्यात स्त्रीला हक्क मिळतो तो प्रामुख्याने जोडीतली एक म्हणून, महाराष्ट्रात घराण्यातली एक म्हणून. एकीकडे समता म्हणजे दोघांचं एक करणं, दुसरीकडे मुलीला मुलगा मानणं. दोन्हींत तिचं तिच्यापुरतं असं काय, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

गोव्याचा फार गौरव होतो, तेव्हा दोन गोष्टी सहसा सांगायच्या राहतात. 1880 च्या तिथल्या हिंदूंच्या रूढींच्या संहितेत, बायको पंचवीस वर्षांची होईतो मूल झालं नाही, किंवा तिशी उलटूनही मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला ठरावीक अटींवर दुसरी करायची मुभा होती. आणि गावकरीचं जोन, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नातला वाटा, गावकरांच्या पुरुष वंशजांचाच. घरात निम्मी मालकीण असलेली बाई गावच्या मालकीत बसतच नव्हती.

रूढी मात्र नदीच्या दोन्ही तीरांवर सारखीच काम करते. आपल्याकडच्या सातबारावर भावांची नावं कब्जेदारांत आणि बहिणींची ‘इतर अधिकार’ या रकान्यात, असे उतारे अजून सापडतात. मग एखाद्या वर्षी घरबांधणीचं कर्ज निघतं, बहिणीला बोलावून घेतात, जेवणात तिच्या आवडीचं सुरमईचं तिकलं असतं, आणि हक्कसोडपत्र तयार असतं. ती सही करते. वकील विचारतो, राजीखुशीने ना? ती हो म्हणते, आणि ते अगदीच खोटं नसतं: भांडली तर जाईल तो वाटा नव्हे, चतुर्थीला यायचं घर. गोव्यातही बहिणी अशाच सह्या देतात, फक्त तिथे नोटरीपुढे त्यांच्या नवऱ्यांचीही सही लागते. हा नवरा कधी बायकोचा आधार होतो, कधी तिच्या माहेराला लुबाडायला टपलेला असतो.

माझ्या लेखी खरा फरक आहे मृत्युपत्राचा. गोव्यात मुलं असताना माणसाला आपल्या हिश्शातल्या फक्त निम्म्याचंच मृत्युपत्र करता येतं. उरलेलं मुलगा-मुलगी असा भेद न करता वारसांकडे जातंच. सिंधुदुर्गात स्वकष्टार्जित मालमत्तेवर असं बंधन नाही. आणि महाराष्ट्राने लेकीला वडिलोपार्जितात उभं केलं ते अशा काळात, जेव्हा घराण्यांचा पैसा भाताच्या खाचरांतून निघून कुडाळ-सावंतवाडीच्या सदनिकांत आणि मुदतठेवींत जाऊ लागला होता. हे सगळं बापाच्या नावावरचं, बापाच्या कमाईचं. त्यावर एक पानी मृत्युपत्र केलं की 1994, 2005 आणि 2020 या तिन्ही सालांचा तिला काडीचा उपयोग नाही.