तो गळ आणि ती गळ

मराठीत 'गळ' हा शब्द दोन लिंगांत चालतो. माशांसाठी टाकतात तो गळ आणि माणसांना घालतात ती गळ. शाळेत 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नात मी दोघांची लिंगं उलटसुलट केली होती आणि एक गुण घालवला होता. पुढे मी बी.कॉम. झालो, बँकेत कारकून म्हणून चिकटलो, चाळिशी ओलांडली. पण माझा सगळा व्यवहार स्त्रीलिंगी गळ घालण्यातच झाला. खिडकीशी आलेल्या माणसाला 'काका, एक रिकरिंग उघडा ना', 'मावशी, एक विमा घ्या ना' अशी गळ घालणं हा हल्ली कारकुनाच्या नोकरीचाच भाग आहे. पुल्लिंगी गळ मी पहिल्यांदा हातात धरला तो रत्नागिरीला बदली झाल्यावर.

त्याआधी धरणार तरी कुठे? माझं गाव धामणगाव बढे. तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. आमच्याकडे कापूस पिकतो, मका पिकतो आणि मे महिन्यात माणसंही पिकून पिवळी होतात. समुद्र आम्हाला भूगोलाच्या पुस्तकात भेटला. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे, हे मी पाठ केलं होतं. पण त्यातला एक मीटरही आमच्या वाट्याला आला नव्हता. नाही म्हणायला आमच्या जिल्ह्यात खारं पाणी आहे. लोणारचं सरोवर! प्रत्यक्ष आकाशातून उल्का येऊन आदळली तेव्हा कुठे आम्हाला खारं पाणी मिळालं. पण ते इतकं क्षारयुक्त, की आमच्या लहानपणी त्यात मासा औषधालासुद्धा नव्हता. त्यात आमचं घर माळकरी. मासा आम्ही पाहिला तो मत्स्यावताराच्या चित्रात, आणि त्याला हात जोडायचे असतात एवढंच ठाऊक.

असा मी रत्नागिरीत येऊन पडलो. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्याला निदान राजवाडा तरी मिळाला होता. मला दीड खोली मिळाली. सौभाग्यवती मुलांच्या शाळेसाठी गावाकडेच. संध्याकाळी करायचं काय? मी मांडवीच्या जेट्टीवर जाऊन बसू लागलो. तिथे पाचपन्नास माणसं रांगेत उभी राहून पाण्याकडे बघत असत. आमच्या बँकेतल्या रांगेपेक्षा ही रांग शांत होती. कोणी कोणाला ढकलत नव्हतं आणि 'सर्व्हर डाऊन आहे' असं समुद्र एकदाही म्हणत नव्हता. मला मोह झाला. आपणही गरवावं! (कोकणात गळाने मासे धरण्याला 'गरवणं' म्हणतात. हा शब्द शिकलो तेव्हाच मला निम्मा मासा मिळाल्यासारखं वाटलं.)

नवशिक्या माणसाचा स्वभाव असा, की विद्या येण्याआधी त्याला सामान हवं असतं. पेटी शिकायची तर आधी पेटी, व्यायाम करायचा तर आधी बूट. मी दुकानात गेलो. विक्रेता तरुण होता, पण माझ्या वरताण. त्याने मला नऊ फुटी काठी दाखवली, चार हजार नंबरचं रीळ दाखवलं. फिरक्या, मणी, शिशाची वजनं, प्लॅस्टिकचे चमकणारे खोटे मासे आणि गळांच्या वीस पुड्या. गळांच्या नंबरांनी तर मी चक्रावलो. सहा नंबरचा गळ चार नंबरपेक्षा लहान. म्हणजे आकडा वाढला की गळ बारीक. पण एकपर्यंत पोचलं की पुढे १/०, २/० असा उलटा प्रवास सुरू होतो आणि तिथे आकडा वाढला की गळ मोठा. असा हिशेब आमच्या ऑडिटरने चालवून घेतला नसता. शेवटी विक्रेत्याने मला गळ घातली आणि गळ विकले. दोन्ही लिंगं एकाच बिलात!

जेट्टीवर माझी भेट नानांशी झाली. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे. आमच्या शाखेचे जुने खातेदार. बँकेत ते मला 'साहेब' म्हणत आणि जेट्टीवर 'तू'. मला ते दुसरं जास्त आवडे. त्यांचं सगळं सामान म्हणजे लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेलं तंगूस, एक शिसं, दोन गळ आणि खिशात कागदात बांधलेली कोलंबी. माझी काठी, माझी पेटी, माझी टोपी त्यांनी शांतपणे न्याहाळली आणि विचारलं, "बसची चाशी आणलीस, बॉडी आणलीस. चालवायला येतं का?"

मग त्यांनी शिकवलं. मला त्यातलं जेवढं कळलं तेवढं सांगतो, कारण अशा सामानावर पैसे घालवायला निघालेला दुसराही कोणी वाचक असेल. सुरुवात करणाऱ्याने काठी घ्यायचीच तर आठ-नऊ फुटांची घ्यावी. त्याहून लांब काठी मासे कमी आणि शेजाऱ्यांच्या टोप्या जास्त पकडते. तंगूस ०.३५ मिलिमीटरच्या आसपास. शिसं काठीला पेलेल एवढंच. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करायची, नाहीतर घर्षणाने तंगूस तापतं आणि नेमकं तिथेच तुटतं. रिळाचा ब्रेक पुरता आवळायचा नाही. मोठा मासा लागला तर त्याला थोडं पळू द्यायचं, नाहीतर दोरा तुटतो. "घाटात पुरा ब्रेक दाबून कोण गाडी उतरवतं?" नाना म्हणाले.

दोऱ्याची जुळणी तीन तऱ्हांची. पहिलीत शिसं तळाशी आणि त्याच्या वर फांद्यांसारखे दोन गळ. जेट्टीवरून सरळ खाली सोडायला ही बरी. खाली खडक असतील तर शिसं मुद्दाम कच्च्या दोऱ्याने बांधायचं. अडकलं तर शिसं जातं, बाकीचा संसार वाचतो. दुसरीत आमिष बुचाला टांगून अधांतरी ठेवायचं. तिसरी सगळ्यांत हुशार. तिच्यात शिसं दोऱ्यावर मोकळं सरकतं आणि गळ पार टोकाला. मासा आमिष ओढतो, दोरा शिशातून सरसर निघतो आणि माशाला वजन जाणवतच नाही. जाणवतं तेव्हा उशीर झालेला असतो.

भरतीची वेळ काढायलाही नानांनीच शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. बारा वर्षं व्याजाचे हिशेब केलेल्या मला एवढं सोपं गणित पहिल्यांदाच भेटलं, आणि तेही विनाअट.

पंधरा दिवसांनी माझ्या गळाला पहिला मासा लागला. मी आनंदाने ओरडलो. वर आला तो केंड. केंड हा मासा बाहेर काढला की पोटात हवा भरून चेंडूसारखा फुगतो, खाल्ला तर विष, आणि दात असे की तंगूस कुरतडून टाकतो. तो फुगून माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, की मी दोन पावलं मागे सरलो. नानांनी पकडीने गळ सोडवून त्याला पाण्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी शिंगाळा लागला. त्याच्या परांचे काटे विषारी असतात, हात लावायचा नाही, हे मला हात लावल्यावर सांगण्यात आलं.

रात्री आईला फोनवर ही शौर्यकथा सांगितली. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू तं खात नाहीस. मंग त्याले धरतो कायले बाप्पा?"

झालं! माझी झोप उडाली. कारण या प्रश्नाला उत्तर नव्हतं. नाना मासा धरतात आणि खातात. त्यांचा हिशेब जमा-नावे जुळतो. मी तर पोट भरलेला, माळकऱ्याचा मुलगा, निव्वळ गंमत म्हणून दुसऱ्याच्या तोंडात लोखंड अडकवणारा. 'मी परत सोडतो' असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून केवळ परत सोडण्यासाठी मासे धरायला कायद्याने मनाई आहे. खायचा नसेल तर त्याला छळू नका, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आल्प्सच्या पायथ्याशी बसलेलं सरकार आणि धामणगाव बढ्याची माझी आई यांचं एकमत! माशाला दुखतं का, यावरही शास्त्रज्ञांचा वाद चालतो. २००३ साली ब्रिटनमध्ये ट्राउट माशाच्या तोंडाभोवती वेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं गेलं आणि तो वाद आणखी पेटला. गळावर पुस्तक लिहून अजरामर झालेला आयझॅक वॉल्टन हा तर आमच्याच जातीचा, लंडनचा व्यापारी. त्याचं पुस्तक १६५३ सालचं. पुढे बायरन कवीने त्याच्याबद्दल अशी इच्छा व्यक्त केली, की त्याच्याच घशात गळ असावा आणि तो एखाद्या लहानशा माशाने ओढावा. बायरनचं खातं आमच्या शाखेत असतं तर त्याला मी विमा विकू शकलो नसतो.

प्रश्न जिवाचा आहे तसाच फसवणुकीचाही आहे, हे मला तेव्हा दिसू लागलं. जाळ्याने मासा धरला तर ती जबरदस्ती. गळाने धरला तर त्यात माशाची संमती आहे! तो स्वतः आला, स्वतः तोंड उघडलं, स्वतः गिळलं. कागदोपत्री सगळं चोख. फक्त कोलंबीच्या आत काय आहे ते त्याला सांगितलेलं नाही.

आणि इथे मला मार्च महिना आठवला.

गेल्या मार्चमध्ये नानांची तीन लाखांची मुदतठेव संपली. आमच्या शाखेला विम्याचं टार्गेट होतं, त्यातलं माझ्या वाट्याचं अपुरं होतं, आणि नाना समोर उभे होते. मी त्यांना बाजाराशी जोडलेल्या विम्याची माहितीपत्रिका दाखवली. खोटं काही बोललो नाही. 'व्याजापेक्षा जास्तही मिळू शकतं' हे मोठ्याने म्हणालो. पाच वर्षं पैसे काढता येत नाहीत, हे छापलेलं होतंच. त्या ओळीवर मी बोट ठेवलं नाही, एवढंच. नाना म्हणाले, "तू सांगतोस म्हणजे बरंच असेल." आणि सही केली. सरकत्या शिशाची जुळणी! त्यांना वजन जाणवलं नाही.

एप्रिलमधली संध्याकाळ. नाना माझ्या गळाचा उलटा काटा पकडीने चेपून सपाट करत होते. गळाच्या टोकाला आतल्या बाजूने हा बारीक काटा असतो. आत जाताना तो कळत नाही, बाहेर निघताना मांस घेऊन निघतो. "तू खाणार नाहीस ना? मग हा कशाला? लहान मासा सुटू दे," नाना म्हणाले. लहान माशांचं आता सरकारनेही मनावर घेतलं आहे. २०२३ साली महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट धरायचं नाही. मी ही माहिती ऐटीत सांगितली. नाना काटा चेपत सहज म्हणाले, "जूनमध्ये नातीची फी भरायचीय. पैसे तुझ्याकडे आहेत म्हणून काळजी नाही."

माझ्या हातातला दोरा ओढला जात होता. मी तो वर घेतला नाही.

विम्याच्या व्यवहारात एक दयाळू कलम आहे. कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत ग्राहकाला पॉलिसी परत करता येते. किरकोळ कापून पैसे मिळतात. नानांच्या कागदांना बावीस दिवस झाले होते. मी त्याच रात्री त्यांच्या घरी गेलो, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि अर्ज लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावून जे सांगितलं ते छापण्यासारखं नाही. पण पैसे परत आले. नातीची फी भरली गेली.

मला वाटलं, नाना पाठ थोपटतील. त्यांनी पासबुक बघितलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "सोडलंस, बरं केलंस. पण ओठाला भोक राहतंच रे." पुढे दोन महिने ते पासबुक भरायला शेजारच्या खिडकीशी जात होते. आत्ता कुठे पुन्हा माझ्याकडे येऊ लागलेत. बँकेत अजून 'साहेब'च म्हणतात. पण जेट्टीवर मध्ये गेलेलं 'तू' परत आलंय.

माझी नऊ फुटी काठी आता माळ्यावर आहे. विकायला काढली तर घेणारा विचारतो, "चांगली आहे ना? मग विकता का?" आणि मला खरं सांगावं लागतं. जेट्टीवर मी अजून जातो, नानांना कोलंबी सोलून देतो. गरवण्याबद्दल माझं काही अंतिम मत झालेलं नाही. भुकेसाठी गळ टाकणाऱ्याला बोल लावण्याची माझी पात्रता नाही, एवढं कळलंय. खिडकीशी मात्र मी अजूनही गळ घालतो, पोटासाठी घालावीच लागते. पण आधी उलटा काटा दाखवतो. पाचांतले चार 'विचार करून सांगतो' म्हणतात आणि निघून जातात. माशाला तेवढीही सोय नसते.

परवा आईचा फोन आला होता. तिने विचारलं, "या महिन्यात किती धरले रे?"

"एकही नाही."

"मंग बरं हाय," आई म्हणाली.

ती माशांबद्दल विचारत होती. साहेबांनी त्याच सकाळी हाच प्रश्न विचारला होता, पण ते तसं म्हणाले नव्हते.